आवाजाच्या नमुन्यांचे कोठार आणि त्याची वही

कापडाच्या पेढीवर एक प्रसंग नेहमीचा. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "मागच्या ईदच्या आधी नेला होता तोच माल द्या." त्याला माल आठवतो, नाव आठवत नाही. अशा वेळी पेढीची लाज राखतो तो मुनीम. त्याने शेड कार्डाच्या पाठीमागे लॉट नंबर लिहिलेला असतो आणि त्या नंबरावरून ताका कोणत्या फळीवर आहे हे वहीत सापडते. जेथे ही वही नाही, तेथे माल असून नसल्यासारखा.

आमच्या परिचयातील एका जरीकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलावर नेमकी हीच वेळ आली. मुलगा जाहिरातींना लागणारे पार्श्वध्वनी संगणकावर तयार करतो. एका मिठाईवाल्याच्या जाहिरातीत त्याने ढोलकाचा एक लहानसा तुकडा वापरला होता. दुसऱ्या जाहिरातीच्या वेळी मिठाईवाले म्हणाले, तोच ढोलक पाहिजे. मुलाजवळ २ टेराबाईटची डिस्क, तिच्यात चाळीस हजारांच्या आसपास आवाज, आणि त्यांची नावे "ऑडिओ १४", "न्यू फोल्डर ७", "फायनल फायनल" अशी. रात्रभर शोधले, सापडला नाही. काम दुसऱ्याकडे गेले. त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले, "भाईसाहेब, तुमच्याकडे हजारो डिझाईनी असतात, तुम्ही कशा सांभाळता?" या एका प्रश्नावरून आम्ही त्या मुलाजवळ काही संध्याकाळी बसलो आणि हा सगळा मामला समजून घेतला. तोच येथे मांडत आहोत.

संगीताविषयी आपल्या वाचकांत मतभेद आहेत. त्या चर्चेची ही जागा नव्हे. ज्या पद्धतीचे वर्णन पुढे केले आहे ती नात, तकरीर, शालेय पाठ, बोलकी पुस्तके, चित्रपटातील पावलांचे आवाज अशा कोणत्याही ध्वनिमुद्रणाला सारखीच लागू पडते.

प्रथम "सॅम्पल" म्हणजे काय ते पाहू. सॅम्पल म्हणजे आवाजाचा नमुना. तबल्याची एक थाप, हार्मोनियमचा एक सूर, दाराचा करकर आवाज, किंवा ढोलकाचा चार मात्रांचा तुकडा. एकच ठोका असेल तर त्याला वन-शॉट म्हणतात, आणि पुन्हा पुन्हा फिरवता येईल असा तुकडा असेल तर लूप. वादक समोर नसतानाही हे नमुने जोडून पूर्ण रचना तयार होते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात पीटर व्होगेल व किम रायरी यांनी १९७९ मध्ये फेअरलाइट नावाचे यंत्र आणले, तेथून हा प्रकार बाजारात आला. ते यंत्र इतके महाग होते की मोठ्या कलावंतांनाच परवडे. १९८० नंतरच्या दशकात जपानच्या अकाई कंपनीने सॅम्पलर काढले आणि यंत्र सामान्य स्टुडिओच्या आवाक्यात आले.

त्या काळी मांडणीचा प्रश्नच नव्हता, कारण माल थोडा होता. १.४४ मेगाबाईटच्या फ्लॉपीत सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज जेमतेम ८ सेकंद मावतो. प्रत्येक फ्लॉपीवर पेनाने नाव लिहिलेले, फ्लॉप्या डब्यात उभ्या, आणि डबा हीच वही. पुढे सीडी-रॉम आली, मग इंटरनेट, मग महिन्याच्या वर्गणीवर हवे तेवढे आवाज देणारी दुकाने. न्यूयॉर्कची स्प्लाइस ही कंपनी २०१३ मध्ये सुरू झाली, इंग्लंडच्या लूपमास्टर्सने लूपक्लाउड काढले. आता पंचवीस वर्षांचा मुलगा एका वर्षात इतके नमुने गोळा करतो की ते ऐकायलाही उसंत नसते. हिशेब करून पाहा. चाळीस हजार नमुने, प्रत्येकी फक्त ३ सेकंद ऐकायचे म्हटले तरी १ लाख २० हजार सेकंद होतात. म्हणजे ३३ तास २० मिनिटे, पाणी प्यायलाही न उठता. ढोलक रात्रीत सापडला नाही यात त्या मुलाचा आळस नव्हता.

आता सॉफ्टवेअर काय करते ते पाहू. नमुने सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला आपण कोणते फोल्डर पाहायचे ते दाखवतो. ते एकेक फाईल वाचते आणि स्वतःची एक वही तयार करते, जिला डेटाबेस म्हणतात. यातली पहिली समजण्याची गोष्ट अशी की माल हलत नाही. फाईल जेथे होती तेथेच राहते, वहीत फक्त तिचा पत्ता लिहिला जातो. मुनीम ताके हलवीत नाही, फळीचा नंबर लिहितो, तसेच. म्हणून वही तयार झाल्यावर मागच्या मागे फोल्डर दुसरीकडे नेले की सॉफ्टवेअर "फाईल मिळत नाही" म्हणून ओरडते. विंडोजवर आणखी एक घोटाळा होतो. बाहेरून जोडलेल्या डिस्कला संगणक एक अक्षर देतो. आज ई मिळाले आणि उद्या दुसरे पेनड्राइव्ह आधी लावल्याने एफ मिळाले, तर चाळीस हजार पत्ते एका झटक्यात खोटे ठरतात. त्या मुलाच्या बाबतीत हे दोनदा झाले होते आणि दोन्ही वेळा त्याने घाबरून सगळी वही पुसून नव्याने बनवली, त्यामुळे पूर्वी लावलेल्या खुणाही गेल्या. वास्तविक विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे नेमून दिले की काम भागते. पाच मिनिटांची गोष्ट.

वही बनवताना सॉफ्टवेअर आवाजाची तपासणीही करते. ठोके कोठे पडतात ते पाहून लय काढते, कोणते सूर जोरात आहेत ते पाहून पट्टी काढते. काही सॉफ्टवेअर याहून पुढे जातात. स्वीडनच्या एक्सएलएन ऑडिओ कंपनीचे एक्सओ, तसेच अ‍ॅटलास नावाचे दुसरे, ही तालवाद्यांच्या नमुन्यांचा नकाशाच काढतात. प्रत्येक नमुना म्हणजे पडद्यावर एक ठिपका. सारख्या आवाजाचे ठिपके जवळ जवळ, वेगळ्या आवाजाचे दूर. सोनोनिममध्ये एक नमुना दाखवून "याच्यासारखे आणखी दाखव" असे सांगता येते. एबलटन लाइव्ह या रचनेच्या सॉफ्टवेअरमध्येही २०२४ च्या १२ व्या आवृत्तीपासून ही सोय आली. एडीएसआर सॅम्पल मॅनेजर मोफत मिळते आणि शिकणाऱ्याला ते पुरेसे आहे असे आमचे मत झाले. चित्रपटाच्या ध्वनीचे काम करणारे साउंडमायनर, बेसहेड, साउंडली अशी अधिक भारी सॉफ्टवेअर वापरतात.

सारखेपणाचा नकाशा पाहून आम्ही थक्क झालो, हे कबूल करतो. कापडात असे यंत्र निघाले तर निम्मे दलाल घरी बसतील. पण याच तपासणीत आपल्याकडच्या मंडळींनी सावध राहण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्या पुस्तिकेत ठळक लिहिलेली आम्हाला दिसली नाही.

ही सॉफ्टवेअर बहुतांशी पाश्चात्य नाचगाण्याच्या चौपटीवर बेतलेली आहेत. तुकडा चार, आठ किंवा सोळा मात्रांचा असणार असे गृहीत धरून त्यांच्यापैकी पुष्कळ लय काढतात. केरव्याचा लूप असेल तर उत्तर बरोबर येते, कारण केरवा आठ मात्रांचा. पण रूपक सात मात्रांचा आहे. समजा रूपकाचा तुकडा ४.२ सेकंदांचा आहे. सात मात्रा ४.२ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला बरोबर १०० मात्रा. सॉफ्टवेअरने त्यात आठ मात्रा धरल्या तर ते ११४ लिहून मोकळे होते. नंतर हा लूप १०० च्या लयीच्या गाण्यात टाकला की सॉफ्टवेअर त्याला ११४ वरून १०० वर आणण्यासाठी ताणते आणि तबला ढिल्या कातड्यासारखा वाजू लागतो. मुलगा महिनाभर मायक्रोफोनला दोष देत होता. सहा मात्रांच्या दादऱ्यातही अशी गडबड होते, कधी लय दीडपट धरली जाते, कधी निम्मी. म्हणून आपल्या तालांचे नमुने असतील तर लयीचा आकडा यंत्रावर सोडू नये. मात्रा स्वतः मोजाव्यात, ६० ला मात्रांनी गुणावे, तुकड्याच्या सेकंदांनी भागावे आणि तो आकडा फाईलच्या नावातच लिहावा.

पट्टीचेही तसेच. सॉफ्टवेअर सी शार्प म्हणते, आपला हार्मोनियमवाला काळी एक म्हणतो. दोन्ही नावे खुणेत घालावीत, म्हणजे कोणीही शोधले तरी सापडेल. शिवाय जुनी हार्मोनियम आणि कानाने लावलेला तानपुरा नेमक्या पाश्चात्य पट्टीवर असतीलच असे नाही. दोन सुरांच्या मध्ये बसलेल्या तानपुऱ्याला यंत्र आज एका बाजूचे नाव देते आणि त्याच तानपुऱ्याच्या दुसऱ्या तुकड्याला पलीकडचे. तेथे कानाचाच निवाडा शेवटचा.

आता खुणांकडे येऊ, ज्यांना टॅग म्हणतात. "ढोलक", "लग्न", "संथ", "खुले मैदान" असे शब्द नमुन्याला जोडून ठेवायचे आणि पुढे त्या शब्दांनी शोधायचे. सोपे आहे. पण खूण कोठे लिहिली जाते हे विकत घेण्याआधी विचारलेच पाहिजे. बहुतेक सॉफ्टवेअर ती आपल्या वहीत लिहितात, फाईलवर नव्हे. वही बिघडली, सॉफ्टवेअर बदलले किंवा कंपनीने ते बंद केले, की दोन वर्षांची मेहनत गेली. ताक्यावर चिठ्ठी न लावता सगळे मुनीमजींच्या डोक्यात ठेवण्यासारखे हे आहे. मुनीमजी गावी गेले की दुकान बंद.

फाईलच्या आतच चिठ्ठी चिकटवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. वेव्ह हा आवाजाचा फाईल-प्रकार मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये काढला. त्यावर आधारून युरोपच्या नभोवाणी संस्थांच्या संघाने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह नावाचा प्रकार ठरवला. यात आवाजाबरोबरच वर्णन, मुद्रण करणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ यांच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. वर्णनाला २५६ अक्षरे मिळतात, ती पुष्कळ झाली. ही फाईल कोठेही गेली तरी चिठ्ठी तिच्या पोटात असते. जे सॉफ्टवेअर ही चिठ्ठी वाचते आणि लिहिते तेच घ्यावे, मग त्याचा नकाशा थोडा कमी देखणा असला तरी चालेल.

चिठ्ठीवर काय लिहायचे याचाही एक नमुना तयार आहे. चित्रपटाच्या ध्वनीचे काम करणाऱ्या काही जाणकारांनी २०२० मध्ये यूसीएस नावाची वर्गवारी मोफत खुली केली. तिच्यात ८२ मुख्य विभाग आणि साडेसातशेहून अधिक पोटविभाग आहेत. फाईलचे नाव ठराविक क्रमाने लिहायचे: आधी विभागाची खूण, मग आवाजाचे नाव, मग मुद्रण करणाऱ्याची खूण, मग कामाची किंवा संग्रहाची खूण. आम्ही उत्सुकतेने आपला धंदा शोधला. कापड हा त्यात स्वतंत्र विभाग आहे! फडफडणे, हाताळणे, आपटणे, हालचाल, फाडणे अशी त्याची अंगे. ताका उलगडताना मांडीवर आपटण्याचा जो आवाज आम्ही तीस वर्षे ऐकतो आहोत, त्यालाही जगात कोणीतरी खाना करून ठेवला आहे. भिवंडी-मालेगावच्या पावरलूमचा खडखडाट मशीनच्या विभागात औद्योगिक या खान्यात बसेल. वाद्यांच्या नमुन्यांना मात्र ही वर्गवारी तितकी उपयोगी नाही, ती मुळात त्यासाठी नाहीच. वाद्यवाल्यांनी वाद्य, ताल, लय, पट्टी, वादक, तारीख असा आपला क्रम ठरवावा आणि मग तो बदलू नये. नावे रोमन लिपीत द्यावीत, काही जुने प्लग-इन देवनागरी नावे नीट वाचत नाहीत.

आतापर्यंत शोधण्याची गोष्ट झाली. याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे मालकीचा कागद.

१९८१ च्या "ज्योती" चित्रपटात बप्पी लाहिरी यांनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकर यांनी गायलेले "थोडा रेशम लगता है" हे गाणे होते. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे "अ‍ॅडिक्टिव्ह" गाणे गाजले. त्याच्यात या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून घेतलेला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टाने लाहिरी यांचे नाव श्रेयात नसलेल्या सीडींची विक्री थांबवली. छापून गाठी बांधलेला माल गोदामात अडकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरे प्रकरण उलट बाजूचे. १९६९ च्या "आराधना" मधील "बागों में बहार है" या गाण्याचा तुकडा २००५ मधील एका अमेरिकन गाण्यात वापरल्याबद्दल सारेगामा कंपनीने दावा केला. २०११ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टात तो फेटाळला गेला. कारण निर्मात्याशी झालेल्या १९६७ च्या करारात ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे फक्त दोन वर्षांपुरता होता असे कोर्टाला दिसले. चाळीस वर्षे जुन्या कागदातील एका कलमाने निकाल फिरला.

तेव्हा नमुना घेतला की त्याचे बिल व परवाना यांची प्रत त्याच फोल्डरात ठेवावी. विकत घेतलेल्या बहुतेक संग्रहांच्या परवान्यात नवी रचना करून विकण्याची मुभा असते, पण नमुने सुटे करून पुन्हा विकण्याची नसते. वर्गणीच्या दुकानांत वर्गणी बंद केल्यावर उतरवून घेतलेले आवाज वापरता येतात की नाही, हे प्रत्येकाच्या अटीत पाहावे. स्प्लाइसवर ते वापरता येतात. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या "फुकट" संग्रहांचे काय? त्या मुलाच्या डिस्कवर असा माल तिसरा हिस्सा होता. आम्ही त्याला एवढेच विचारले की उद्या मिठाईवाल्याची जाहिरात या कारणाने अडली तर नुकसान कोण भरून देणार. त्याने तो सगळा हिस्सा वेगळ्या डिस्कवर काढून ठेवला आणि पुढे पुसून टाकला. गिऱ्हाइकाला आपण जे विकतो त्यात दुसऱ्याचा हक्क मिसळलेला नसावा, हा व्यवहार आपल्या लोकांना नवा नाही.

कारागीर वाचकांसाठी याच विषयाची दुसरी बाजू आहे. मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतार व तानपुरे बनवण्याचा हुन्नर उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते मानांकन वाद्य या वस्तूचे आहे. कोणी कारखान्यात येऊन उत्तम तानपुरा दिवसभर ध्वनिमुद्रित केला आणि त्याचा संग्रह जगभर विकला, तर आपल्या कायद्याप्रमाणे त्या मुद्रणाचा मालक कोण? ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन मुद्रण केले तो निर्माता. हा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. वाजवणाऱ्याला वादक म्हणून ५० वर्षांचा वेगळा हक्क असतो. वाद्य घडवणाऱ्याला त्या आवाजात कायद्याने काहीच मिळत नाही. मिळू शकते ते फक्त आधी केलेल्या करारातून. म्हणून मुद्रणाला वाद्य देण्यापूर्वी भाडे किती, विक्रीत हिस्सा असल्यास किती, संग्रहाच्या वर्णनात कारखान्याचे नाव येणार की नाही, मुद्रणाची एक प्रत आपल्याला मिळणार की नाही, हे चार मुद्दे कागदावर घ्यावेत. वादकांनीही तसेच करावे. अमेरिकेतील दी विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या १९६९ मधील एका मुद्रणात जी. सी. कोलमन यांनी वाजवलेला ड्रमचा सुमारे सात सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये वारले. त्या वापराचा एक पैसा त्यांना मिळाला नव्हता.

याहून चांगला मार्ग म्हणजे मुद्रण आपणच करावे. घरातील मुलगा संगणक जाणतो, कारखान्यात वाद्य आहे, मोहल्ल्यात वाजवणारा आहे. शांत खोली आणि बरा मायक्रोफोन यांचा खर्च एका पावरलूमच्या तुलनेत काहीच नाही. संग्रह लगेच विकला जाईल असे आम्ही म्हणत नाही. विक्री हा वेगळा अभ्यास आहे आणि बाजारात गर्दी आहे. पण निर्माता म्हणून कागदावर नाव आपले राहील.

आता कामाची पद्धत. चाळीस हजार नमुने एका बैठकीत लावण्याचा हट्ट धरू नये, तिसऱ्या दिवशी माणूस सोडून देतो. प्रथम एकसारख्या फाईली काढाव्यात. नावे वेगळी असली तरी आतला माल तंतोतंत तोच आहे की नाही हे सॉफ्टवेअर ओळखते. त्या मुलाच्या डिस्कवरून अशाने नऊ हजार फाईली कमी झाल्या. मग मागील दोन वर्षांच्या कामात प्रत्यक्ष वापरलेले नमुने आधी लावावेत, कारण गिऱ्हाईक तेच परत मागणार. प्रत्येक काम संपले की रचनेच्या सॉफ्टवेअरमधील "सर्व एकत्र करून जतन करा" ही आज्ञा द्यावी. त्यामुळे त्या कामातील सगळे नमुने त्या कामाच्याच फोल्डरात येतात. मिठाईवाल्याच्या पहिल्या जाहिरातीच्या वेळी एवढे केले असते तरी शोधाची गरज पडली नसती. आणि सगळ्याच्या तीन प्रती: एक कामाच्या डिस्कवर, एक दुसऱ्या डिस्कवर, एक घराबाहेर. सॉफ्टवेअरच्या वहीचीही प्रत घ्यावी, ती लोक विसरतात. डिस्क कधी जाईल हे ती आधी सांगत नाही.

मुलगा रोज रात्री जेवणानंतर शंभर नमुने लावतो. चौथ्या महिन्यात त्याला तो ढोलक सापडला. "न्यू फोल्डर ७" मध्ये नव्हता, वडिलांच्या फोनमधून उतरवलेल्या लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरात होता. त्याने स्वतःच एका वलीम्यात मुद्रित केलेला तुकडा, लय ९६, काळी दोन, वाजवणारा त्याच्या मामाचा शेजारी. त्या शेजाऱ्याकडून त्याने आता साध्या कागदावर परवानगी लिहून घेतली आहे, त्याला पाचशे रुपये दिले आहेत, आणि तो कागद फोनने टिपून ढोलकाच्याच फोल्डरात ठेवला आहे.